फिकट गुलाबी

लॅबमध्ये पहिल्या वर्षाची पोरं मला दादा म्हणायची. त्यात मानाचं काही नव्हतं, माझं नावच दादासो. मी तिसऱ्या वर्षाला, केमिस्ट्रीत वर्गात पहिला, म्हणून रूपनवर सरांनी मला 'कमवा आणि शिका'मधून ज्युनिअरच्या प्रॅक्टिकलला मदतीला घेतलेलं. चौऱ्याण्णव साल होतं. तिकडं गावी, वरकुट्यात, आमच्या आबांनी चहाच्या हॉटेलात जाहीर करून टाकलं होतं, की आमचा दादासो बारामतीच्या कॉलेजात सर झाला. सर कसला डोंबलाचा! बाटल्या भरायच्या, द्रावणं बनवायची आणि पोरं चुकली की सांगायचं. पण सांगायला मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. फुशारकी अंगात होतीच.

अडचण एकच होती. मला गुलाबी रंग दिसत नाही.

लाल आणि हिरव्याचा घोळ लहानपणापासूनचा. पिकलेल्या मिरच्या तोडायला पाठवलं की हिरव्या घेऊन यायचो, आणि आई म्हणायची, पोराचं कामात ध्यानच न्हाय. पुढं पुस्तकात वाचलं तेव्हा कळलं, याला रंगांधळेपणा म्हणतात. वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. मला साखर कारखान्यात केमिस्ट व्हायचं होतं. रंग दिसत नाही म्हटल्यावर दारात कोण उभं करणार? म्हणून कुणाला कळू दिलं नाही.

आता टायट्रेशन म्हणजे सगळा रंगाचाच मामला. खाली फ्लास्कमध्ये ॲसिड, त्यात इंडिकेटरचे दोन थेंब, आणि वर ब्युरेटच्या लांब नळीत अल्कली. फ्लास्क हलवत वरून थेंब थेंब सोडत राहायचं. पाण्यासारखं ॲसिड एका थेंबाला फिकट गुलाबी होतं, तिथंच तोटी बंद करायची आणि आकडा लिहायचा. पुढं गेलं की गेलं. माझ्या वेळी पार्टनर होता, त्यानं मान हलवली की मी तोटी बंद करायचो. आता पोरं फ्लास्क माझ्याच नाकासमोर धरून विचारायची, दादा, झालं का?

मी फ्लास्ककडं बघायचोच नाही, ब्युरेटकडं बघायचो. द्रावणं मीच बनवलेली, त्यामुळं दहा मिलीच्या आसपास रंग येणार हे मला आधीच ठाऊक. आकडा कमी असला की अजून जाऊ दे म्हणायचो. वर गेला असला तर डोळे फुटले का म्हणून खेकसायचो. डोळे फुटले का म्हणे! आता आठवलं तरी कानशिलं तापतात.

हे धकत गेलं. हळूहळू पोरं विचारेनाशी झाली. माझं गुलाबी झालं बघा दादा, असं स्वतःच मोठ्यानं सांगायची आणि मी मान डोलवायचो. मला वाटलं, काय झकास शिकवलंय आपण.

मार्चच्या परीक्षेला सरांनी ॲसिड स्वतः बनवलं, जरा पातळ. मला सांगितलं नाही. परीक्षाच ती, का सांगतील? मी आपला हात मागं बांधून टेबलांमधून फिरत होतो. शमशादच्या टेबलाशी आलो. ही इंदापूरची, वडिलांचं तिथं बांगड्यांचं दुकान. नापास झाली तर कॉलेज बंद, असं तिच्या घरी ठरलेलं, आणि ते सगळ्या बॅचला माहीत होतं. तिनं तोटी बंद करून पेन उचललं होतं. ब्युरेटवर आठ.

थांबलीस का, अजून दोन जायचंय, मी म्हणालो.

तिनं फ्लास्ककडं बघितलं, मग माझ्याकडं. पलीकडच्या टेबलाशी सर उभे होते. तिनं तोटी उघडली. दहा होईपर्यंत मी शेजारी उभा राहिलो आणि वर शाब्बास म्हणालो.

सरांनी आल्या आल्या तिचा फ्लास्क उचलला. सगळ्या लॅबला ऐकू जाईल असं म्हणाले, की इतका भडक राणी कलर त्यांनी उभ्या नोकरीत बघितला नाही, वर्षभर हिनं केलं काय, आणि परीक्षेत द्रावण पुन्हा मिळत नसतं, तेव्हा या प्रयोगाला शून्य. शमशाद मान खाली घालून उभी. दादांनी सांगितलं, एवढंच बोलली असती तरी सुटली असती. बोलली नाही.

आणि मी? मी फळ्याकडं बघत उभा राहिलो. मनात पहिलं हेच आलं, की ती बोलत नाही तर बरंच झालं. सरांनी शून्य द्यायला पेनचं टोपण काढलं. तिनं आपल्या पेनला टोपण लावलं. तेव्हा मला माझी स्वतःचीच अशी किळस आली, की लॅबमधली शुद्ध भाषा सुटली आणि तोंडातून गावची बोली बाहेर पडली.

"सर, मीच वतायला लावलं तिला. मला गुलाबी दिसत न्हाय."

सर आधी हसले. त्यांना वाटलं, मी तिच्यावर पांघरूण घालतोय. मग त्यांनी शेजारच्या टेबलांवरून दोन फ्लास्क उचलून माझ्यासमोर धरले आणि यातला गुलाबी कुठला ते विचारलं. दोन्हींत मला पाणीच दिसत होतं. सगळी बॅच बघत होती. मी अंदाजानं डावा म्हणालो, तो चुकला. सरांनी दोन्ही फ्लास्क हळूच खाली ठेवले. मग तीन वर्षं तू इथं केलंस काय, एवढंच त्यांनी विचारलं. शमशादला त्यांनी नवीन ॲसिड दिलं. मला म्हणाले, आता टेबलांपाशी फिरू नकोस, भांडी धू.

परीक्षा संपल्यावर मी नळाशी भांडी धूत होतो. शमशाद तिचा फ्लास्क घेऊन आली. मी माफी मागितली. म्हणालो, मला दिसत नाही हे तुला माहीत असतं तर तू ओतलं नसतंस.

"ठाऊक होतं की," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी तुमी मला हिरव्या ओढणीवाली म्हणून हाक मारली. ओढणी लाल होती. सगळ्यांनाच ठाऊक हाय, दादा. म्हणून तर आमी मोठ्यानं सांगायचो."

"मग ओतलंस कशाला?"

"सर उभे होते. त्यांच्या म्होरं तुमाला न्हाय कसं म्हणायचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांचं बोलणं परवडलं, पण हे नको. वर्षभर ज्यांच्यावर खेकसलो, ती पोरं मला सांभाळून घेत होती. तिच्याकडं बघायची हिंमत होईना. तिचा फ्लास्क नळाखाली धरला आणि विसळत राहिलो, विसळतच राहिलो, कारण थांबायचं कधी तेच मला कळत नव्हतं. शेवटी तिनं पुढं होऊन नळ बंद केला.

"झालं, दादा," ती म्हणाली. "गेला रंग."