नुसता चहा

"वहिनी, चार वाजेपर्यंत तरी?" फोनवर संपादक म्हणाले. "शेवटचाच भाग आहे हो. त्यांनी काही कच्चं टिपण करून ठेवलं असेल, बोलता बोलता कधी काही सांगितलं असेल..."

"यांचं टिपण म्हणजे बशीतला चुरा," मी म्हणाले. ते हसले नाहीत. मग मीच म्हणाले, "बघते काही जमतंय का."

फोन ठेवला तेव्हा साडेअकरा वाजले होते. हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवरच्या उशीवर, मी सकाळी ठेवला होता तसाच. पक्षाघाताला सहा आठवडे झाले होते. उजवी बाजू गेली, लिहिणं गेलं, आणि सगळ्या शब्दांतला एकच शब्द तोंडात उरला, 'हो'. जन्मभर माझ्या प्रत्येक बोलण्याला 'नाही, पण' असं उत्तर देणाऱ्या माणसाच्या वाट्याला नेमका हाच शब्द यावा! पहिले दोन दिवस मला हसूसुद्धा आलं होतं. नंतर नाही आलं.

यांनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तेहतीस वर्षं कारकुनी केली. कोणाच्या नळाला पाणी येत नाही याच्या अर्जांवर शेरे मारले. निवृत्त झाल्यावर साप्ताहिकात कथा लिहायला घेतली, दर शुक्रवारी एक भाग, सलग सहा वर्षं. एक नर्स, तिचा म्हातारा बाप, आणि तिच्यावर जीव असलेला पण तोंडातून ब्र न काढणारा औषधांच्या दुकानातला माणूस. दूधवालासुद्धा दारात थांबून विचारायचा, "होणार का हो त्यांचं लग्न?" हे नुसते हसायचे. लिहून ठेवलेले भाग छापून झाले होते, शेवटचा तेवढा राहिला होता. तो आज गेला नाही तर दुसरं कोणीतरी लिहिणार होतं. आदल्या दिवशी मी हे सांगितलं तेव्हा यांनी डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटली होती, थांबवेपर्यंत आपटत राहिले होते.

आणि मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. पुढे काय होणार याबद्दल यांची अळीमिळी गुपचिळी. पण त्या दिवशी काय लिहितायत, ते मला बशीवरून कळायचं.

हे लिहायला बसले की चहा आणि बशी मी न्यायची. बशीत काय ठेवायचं, ते त्या दिवशीच्या मजकुरावर ठरायचं. भांडण लिहायचं असलं की खारी बिस्किटं. प्रेमाचं असलं की क्रीमची. चौसष्ट वर्षांचा माणूस, दोन चकत्या सोडवून आतलं क्रीम चाटायचा आणि मग लिहायला घ्यायचा. कोणाचं गुपित फुटणार असलं की आल्याची, ती जरा जिभेला झोंबणारी. टोस्ट मागितला की मी समजायची, या आठवड्यात काही घडत नाही, सगळी माणसं खिडकीत बसून विचार करणार. मला स्वतःला कुठलं बिस्किट आवडतं विचाराल तर तुटलेलं. डब्यात तळाला राहतं ते.

आणि कोणी मरणार असलं की नुसता चहा. "मरणाच्या वेळी तोंडात काही असू नये गं," एकदा म्हणाले होते. सहा वर्षांत तीनदा बशी तशीच परत आली. मी दारातून विचारायची, "आज कोणाला नेलंत?" तर म्हणायचे, "शुक्रवारी वाचशील की."

तर त्या दिवशी मी सगळे डबे काढले. मोठ्या ताटलीत खारी, क्रीमची, आल्याची, टोस्ट, सगळं वेगवेगळं मांडलं. चहा केला, निववला, आणि दोन्ही त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवलं.

"हे बघा, आज शेवटचा भाग आहे. काय आणू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, शंकाच नव्हती. डावा हात उचलला आणि ताटली सरकवली. मला वाटलं, हात चुकला. मी ताटली पुन्हा पुढे केली. त्यांनी पुन्हा सरकवली, या वेळी पार स्टुलाच्या कडेपर्यंत, आणि कप स्वतःकडे ओढला.

इतका वेळ मी मनात लग्नाचीच तयारी करत होते.

"कोणाला?" मी विचारलं. "नर्सला?"

"हो."

"का तिच्या वडिलांना?"

"हो."

"औषधवाल्याला?"

"हो." आवाज चढला होता.

"अहो, मग काय सगळ्यांनाच नेताय?"

"हो! हो!" मान मात्र जोरजोरात नकारार्थी हलत होती. चहा शर्टावर सांडला. मी पुसत राहिले आणि ते माझ्या डोक्यावर हो, हो म्हणत राहिले. मला त्यांचा राग आला, खरं सांगते. सहा वर्षांत एकदा, एका वाक्यात सांगून ठेवायला काय झालं होतं?

मग मला युक्ती सुचली. ताटलीतून तीन बिस्किटं घेतली आणि रुमालावर ओळीने मांडली. "हे क्रीमचं म्हणजे नर्स. हा टोस्ट म्हणजे बाप. हे खारं म्हणजे तो मुखदुर्बळ. आता बोट लावा."

बराच वेळ ते तिघांकडे बघत राहिले. मग हात पुढे आला. खाऱ्यावरून, टोस्टवरून फिरला आणि क्रीमच्या बिस्किटावर थांबला. बोटांनी ते उचललं, रुमालाच्या बाहेर, उजवीकडे न्यायला लागले. मध्येच बिस्किट निसटलं आणि कपात पडलं.

"म्हणजे नर्स जाते?" मी म्हणाले. पण बोलताना माझंच मला कळेना. उचललं म्हणजे नेलं, की उचललं म्हणजे वाचवलं? "का नर्स तेवढी राहते?"

"हो," ते म्हणाले, अगदी हळू. आणि डोळे मिटले.

मी हात टेकले. चमच्याने बिस्किट काढायला गेले तर त्याचा लगदा झाला होता.

तरी अडीच वाजता मी त्यांच्या टेबलापाशी बसले. पेन उघडलं. मी शिवणकाम करणारी बाई. माप घ्यायचं, खडूने खूण करायची, कापायचं, एवढं मला येतं. सहा वर्षं या माणसांना मी घरातल्यासारखं ओळखत होते. नर्स चप्पल कुठे काढते तेही सांगितलं असतं. पण कागदावर घ्यायला गेले की एकही माझं ऐकेना. तासाभरात चार ओळी झाल्या, त्यातल्या तीन खोडल्या. खुर्चीतून हे माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे बघायची तसंच.

चारला फोन वाजला.

"नाही जमलं हो मला," मी म्हणाले.

"राहू द्या वहिनी. आमच्याकडचं एक जण करेल. चांगलं करेल, काळजी करू नका. नाव त्यांचंच राहील."

हे सगळं ऐकत होते. मी फोन ठेवला आणि पेनाला टोपण लावलं.

शुक्रवारी अंक आला. मी तो दुपारपर्यंत उशीखाली दडवून ठेवला. पण दूधवाल्याने सकाळीच दारातून ओरडून सांगितलं होतं, "वा वहिनी, झालं बघा लग्न!" त्यामुळे दडवून उपयोग नव्हता. जेवण झाल्यावर त्यांची खुर्ची उन्हाकडे वळवली, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

वाईट नव्हतं. भाषा तर यांच्याहून गुळगुळीत होती. पहिल्याच रकान्यात औषधवाल्याला कंठ फुटला, दुसऱ्यात नर्स लाजली. बाप काठी टाकून उभा राहिला आणि डोळे पुसत म्हणाला, की आता मी सुखाने शंभर वर्षं जगेन. तिथे यांनी माझं मनगट धरलं. डाव्या हातात इतकं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं. चेहरा वाकडा झाला होता, ओठ हलत होते, आणि या वेळी तो एक शब्दही बाहेर पडत नव्हता.

मी थांबले. मग डोळे कागदावरच ठेवले आणि पुढे वाचू लागले.

"दुसऱ्या दिवशी सकाळी," मी वाचलं, "नर्सने बापाला आंघोळ घातली. त्याचे केस विंचरले. खुर्ची खिडकीपाशी नेली, कारण त्याला रस्त्यावरची माणसं बघायला आवडायचं." असं काही तिथे छापलेलं नव्हतं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. मी शब्द जोडत गेले, साधेच, माझ्याकडे दुसरे नव्हते. "तिने बटणं लावली. वरचं बटण लावताना तिला कळलं की तो श्वास घेत नाहीये." आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी कोणाला नेतेय. पण आता मध्येच थांबता येईना.

बरोबर की चूक, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. मनगट त्यांनी सोडलं नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तिने कोणाला हाक मारली नाही," मी वाचलं. "खालचं एक बटण राहिलं होतं, ते लावलं."

पान संपलं. मोकळ्या हाताने मी ते उलटलं. पुढच्या पानावर साबणाची जाहिरात होती. मी वाचत राहिले.