त्या आईचं बी

वेल्ह्याच्या माथ्यावरच्या वस्तीत ठकुबाईची मेंढरं होती आणि मेंढरांचा एक कायदा होता: खोट असलेलं कोकरू झालं की मेंढी विकायची. सून कोमलच्या लेकीच्या गळ्यावर पांढरा डाग उठला, तेव्हा म्हातारीने तोच कायदा घरात आणला. डॉक्टर म्हणाले कोड आहे, त्यात कुणाचा दोष नाही. ऐकतो कोण! दोष कोमलच्या रक्तातला, असं ठरवून ती मुलाचं, संपतचं, दुसरं लग्न जमवायला लागली. संपतला तोंड आहे हे फक्त जेवताना कळायचं.

कोमल वस्तीजवळच्या पाईनच्या रोपांवर मजुरीला जायची. पाईनच्या सुयांसारख्या पानांच्या आत बुरशी राहते. ती जागेमुळे ठरते की झाडाच्या आईमुळे, म्हणजे बी ज्या झाडाचं त्याच्यामुळे, हे संशोधक शेफाली मॅडम शोधत होत्या. एकेका झाडाच्या बियांची रोपं त्यांनी अर्धी इथे धुक्यात आणि अर्धी खाली किकवीत हायवेलगत लावली होती. बहुतेक जागेचाच खेळ दिसतोय, असं त्या एकदा म्हणाल्या आणि कोमल हरखली. म्हणजे डागही जागेचा! बुरशी कुठे, कोड कुठे. पण वेडीला कोण सांगणार? डागाचं मॅडमना सांगायची तिला लाज वाटत होती. सासूला नुसतं झाडांचं सांगा, असं मॅडमना विनवून ती सासूला आणि लेकीला घेऊन रोपांवर गेली.

मॅडम नेमक्या खुशीत होत्या. जागा बदलली की बहुतेक बुरशी बदलते, म्हणाल्या, पण एक नवीनच सापडलीय. ती आईवर जाते, रोप कुठेही लावा.

"मॅडम, जागेचं सांगा की," कोमल कळवळून म्हणाली.

ठकुबाईने तिला हाताने मागे सारलं. "आन ती नको आसंल तर वं, बाई?"

"मग त्या आईचं बी धरायचंच नाही," मॅडम हसून म्हणाल्या.

कोमल रडत सगळं सांगून मोकळी झाली. मॅडमचा चेहरा उतरला. माणसाचं वेगळं असतं, कोडाचा याच्याशी काही संबंध नाही, असं त्या परत परत सांगू लागल्या.

"शिकल्याली बाई तुमी. आता शबूद फिरवू नगा," ठकुबाई म्हणाली आणि नातीचा हात कोमलच्या हातात दिला. "नसरापूरला तुज्या आईकडं जा. दोगीबी."

घरी संपतने गाडी काढली, एसटीपर्यंत सोडायला. पोरगी टाळ्या वाजवत पुढे टाकीवर बसली. तिला बापाच्या गाडीवर बसायला फार आवडायचं.