दुसरी लाइन

बाबांनी जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केले आणि आमच्या स्वयंपाकघरातला तेवढा गळत ठेवला. स्वभाव मात्र भिडस्त. गिऱ्हाइकाला तोंडावर 'नाही' म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. भिंतीतला पाइप पार सडलेला निघाला की हात पुसत म्हणायचे, "बघू." त्याचा अर्थ आम्हाला घरात पाठ होता. आता काही होणार नाही.

यकृताचा कॅन्सर निघाला तेव्हा मी घाबरले. बाबा मात्र डॉक्टरांचं ऐकून खुशीत आले. मांडीतून बारीक नळी घालायची, गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीपर्यंत न्यायची, औषध सोडायचं आणि धमनी बुजवून टाकायची. गाठ उपाशी मरते. यकृताला दुसरी मोठी शीर रक्त पुरवते, म्हणून ते तगतं. "हे आपल्यातलंच काम," असं त्यांनी आठवडाभर भेटेल त्याला सांगितलं. कुणाची तरी टाकी बसवायला निघाल्यासारखे वागत होते. मला चीड यायची, आणि धीरही यायचा.

ठरलेल्या सकाळी ते गाऊन घालून तयार बसले होते. डॉक्टर आदल्या दिवशीचा स्कॅन घेऊन आल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत बाबांनीच विचारलं, "मॅडम, दुसरी लाइन चालू आहे ना? एक बंद करायची तर आधी दुसरी तपासावी लागते."

त्या थबकल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. गाठ त्या मोठ्या शिरेत शिरली होती आणि शीर जवळजवळ बंद झाली होती. आता धमनी बुजवली तर गाठीबरोबर यकृतही जाईल, म्हणाल्या. गोळ्या आहेत, पण या यकृताला त्या झेपणार नाहीत.

मला बाबांचाच राग आला. त्यांनी विचारलं नसतं तर शीर उघडी राहिली असती, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात आलं.

गाऊनची मागची गाठ माझ्याकडून सुटेना. त्यांच्या पाठीशीच मी बोलत सुटले. दुसरीकडे दाखवू, मोठ्या हॉस्पिटलात जाऊ, कुणीतरी करेलच की.

"जाऊ या ना, बाबा?"

त्यांनी शर्टाच्या बाहीत एक हात घातला, मग दुसरा. वळून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बघू," ते म्हणाले.