पिसाऱ्याची तार

आबासाहेबांनी सफरचंदांची पिशवी हातात धरली ती फोटोपुरती. फोटो निघाला आणि पिशवी माझ्याकडे आली. नगरच्या दवाखान्यातल्या त्या पलंगावर आमच्या शाळेतली तिसरीची सायली बसली होती, उजव्या डोळ्यावर पट्टी. "बाळा, इकडं बघ. जरा हस," आबासाहेब म्हणाले. डोळा फुटलेल्या पोरीला कॅमेऱ्याकडे बघून हसायला सांगणारा हा माणूस आमच्या संस्थेचा सचिव. मला त्याची शिसारी आली. पण मी पिशवी धरून उभी राहिले, आणि माझ्या दुसऱ्या हातात अंगठा उठवायचं शाईचं पॅड होतं.

पॅड कशाला, ते सांगते. पण त्याआधी पिसाऱ्याचं सांगायला हवं.

जानेवारी म्हणजे गॅदरिंगचा सीझन. ड्रेपरीवाला वैजनाथ तेच भाड्याचे पोशाख या शाळेतून त्या शाळेत फिरवतो. पाथर्डीत घाम गाळलेला मावळा दुसऱ्या दिवशी शेवगावात उभा. आमच्याकडे मोर आला तेव्हा त्याच्या झग्याला दहा पोरांच्या अंगाचा वास मारत होता आणि पाठीवरच्या पिसाऱ्याच्या सांगाड्याचा पट्टा तुटलेला होता. मी वैजनाथला फोन लावला. "तारेनं आवळा ना बाई, समदे तसंच करत्यात," तो म्हणाला.

शाळेत नवीन खोलीचं बांधकाम चालू होतं. तिथली तार मी आणली आणि सांगाडा सायलीच्या खांद्याशी आवळून बांधला. मीच, माझ्या हातांनी. टोक लांब राहिलं होतं. ते वाकवायच्या ऐवजी मी त्यावर पिवळ्या रिबिनीचं फूल बांधलं, दिसायला बरं म्हणून.

"बाई, टोचतंय," सायली म्हणाली.

"दोन मिनिटांचा नाच आहे. सहन कर," मी म्हणाले. हे वाक्य आठवलं की मला माझीच शिसारी येते.

दुसऱ्या कडव्याला ती वाकली, सांगाडा घसरून पुढं आला आणि तारेचं टोक डोळ्यात गेलं. तिला जीपमध्ये घालेपर्यंत मागं माइकवरून पुढच्या नाचाचं नाव पुकारलं गेलं होतं. प्रमुख पाहुण्यांना उशीर होत होता म्हणे.

आता पॅड. आबासाहेबांनी खिशातून टाईप केलेला कागद काढून दगडाबाईंपुढे धरला. दगडाबाई म्हणजे सायलीची आजी. सायलीचे आईबाप ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे गेलेले, पोर आजीपाशी. "आजी, इथं अंगठा द्या. दवाखान्याचं बिल संस्था बघेल," आबासाहेब म्हणाले.

"आंगठा न्हाई. मला सही येती," दगडाबाई म्हणाल्या. "वाचता तेवढं येत न्हाई. आधी वाचून दावा."

आबासाहेबांनी मला खूण केली. मी वाचलं. मुलगी स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पळताना पडली, शाळेविरुद्ध अथवा पोशाख पुरवणाऱ्याविरुद्ध आमची काहीही तक्रार नाही. वाचताना माझा आवाजही थरथरला नाही, इतकी मी निगरगट्ट झाले होते.

"पळताना?" दगडाबाई म्हणाल्या. "पोरगी नाचत हुती. मी म्होरंच बसले हुते." आणि त्यांनी कागद परत केला.

बाहेर व्हरांड्यात आबासाहेब सफरचंद खात माझ्याशी बोलले. पिशवीतलंच एक. "तार कोणी बांधली ते मला माहीत आहे, बाई. प्रकरण मिटलं तर तुम्हीही सुटलात. म्हातारीला समजवा."

मी समजावलं नाही, पण खरंही बोलले नाही. दोन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, त्या डोळ्याला उजेड कळेल, अक्षर कळणार नाही. दगडाबाईंनी पदर खोचला आणि त्यांच्या गावचे एक तरुण वकील नगरला होते, सम्राट, त्यांच्याकडे निघाल्या. मीही सोबत गेले. मदत म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर माझं नाव निघतंय का, ते मला बघायचं होतं.

"आधी सांगा, शाळेकडं पैसं मागायचं ही भीक तर न्हाई ना?" दगडाबाईंनी वकिलांना विचारलं.

"भीक नाही, आजी. हक्क आहे."

"डोळ्याची किंमत करत्यात व्हय?"

"डोळ्याची किंमत कोण करणार? पण त्या डोळ्यावाचून तिला पुढं जे सोसावं लागेल, त्याची भरपाई मागता येते. त्याला तीन गोष्टी लागतील. भाड्याची पावती, तो पिसारा जसा होता तसा, आणि नेमकं काय घडलं ते सांगणारं माणूस. आणि कुणी कसलाही कागद आणला तरी सही करू नका."

पावती माझ्या पर्समध्ये होती. ती मी काढून दिली. तेवढंच धैर्य माझ्याकडे होतं.

बाहेर येऊन मोबाईल बघितला तर वैजनाथचं स्टेटस: आज शेवगाव तालुक्यात आपला मोर. फोटोत शाळेच्या नावाच्या पाटीखाली एक चिमुरडी पाठमोरी उभी होती आणि तिच्या खांद्यावर पिवळ्या रिबिनीचं फूल होतं. त्या माणसानं फूलसुद्धा काढलं नव्हतं. फोटो मी दगडाबाईंना दाखवला आणि आम्ही जी मिळाली ती जीप पकडली.

पोचलो तेव्हा मुली ओळीनं स्टेजमागं उभ्या होत्या. मोर दुसऱ्या नंबरला. जवळून बघितलं तर रिबिनीची एक कड तपकिरी पडली होती. वैजनाथ खुर्चीत बसून मावा चोळत होता. मला बघून उठलासुद्धा नाही. "धुवायला टाईम कुठाय बाई, सीझन हाय," एवढंच म्हणाला.

दगडाबाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या सरळ पोरीपुढं खाली बसल्या आणि आपला तळवा तिचा गाल आणि तार यांच्या मधे धरला. "हालू नगं, माय. तोंड तिकडं कर." मग दुसऱ्या हातानं सांगाडा हळूहळू वर सरकवत तिच्या डोक्यावरून काढून घेतला. तारेला हात लावला नाही.

"ओ आजी, आता तिचा नंबर हाय," वैजनाथ म्हणाला. तिथल्या मॅडमही ओरडत आल्या की आमचा कार्यक्रम बिघडतोय. चार दिवसांपूर्वी मीही अशीच ओरडले असते.

दगडाबाईंनी सांगाडा मांडीवर घेतला, रिबीन बाजूला सारली आणि तारेच्या टोकावर बोट टेकवलं. "कुनी बांधली आसंल ही?" त्या म्हणाल्या. "नुसता हात फिरवून बघितला आसता, तरी कळलं आसतं."

वैजनाथ समोरच होता. तुटका पट्टा त्यानंच पाठवला होता, रक्त लागलेला पोशाख त्यानंच दुसऱ्या पोरीच्या अंगावर चढवला होता. त्याच्याकडे बोट दाखवणं फार सोपं होतं आणि अर्धं खरंही होतं. त्या अर्ध्या खऱ्याचीच मला किळस आली.

"मी बांधली," मी म्हणाले. "सायलीनं सांगितलं होतं टोचतंय म्हणून. मी तिला सहन कर म्हणाले."

दगडाबाईंनी सांगाडा मांडीवरून खाली ठेवला. मला वाटलं, आता त्या हात उचलतील. उचलला असता तर बरं झालं असतं.

"मला बी हात करत हुती स्टेजवरनं," त्या सावकाश म्हणाल्या. "मला वाटलं टाटा करती. म्या बी टाटा केला."

स्टेजवर गाणं सुरू झालं. मोर नव्हता, तरी मुली नाचायला लागल्या. दगडाबाईंनी डोळे पुसले आणि बाजूला पडलेली त्या शाळेची निमंत्रणपत्रिका उचलून माझ्यापुढं केली. पुढच्या बाजूला पाहुण्यांची नावं खच्चून भरलेली, मागची बाजू कोरी.

"लिहून द्या. समदं. टोचतंय म्हनली ते बी."

मी पर्समधून पेन काढलं. तारीख घातली, नाव घातलं, शाळा घातली. तार कुठून आणली ते लिहिलं, सायली काय म्हणाली ते लिहिलं, मी काय म्हणाले ते लिहिलं, आबासाहेबांनी व्हरांड्यात काय सांगितलं तेही लिहिलं. खाली माधुरी अशी स्पष्ट सही केली. दगडाबाईंनी तो कागद उलटसुलट बघितला, सहीवरून बोट फिरवलं आणि माझ्याच हातात परत दिला.

"आता वाचून दावा," त्या म्हणाल्या.