कॅमेऱ्याची सीट

आफ्रिकेचा विषय आम्ही काढला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर उद्या कोणीतरी म्हणायचं, म्हाताऱ्यांनाच हौस. विषय काढला आमच्या चिरंजीवांनी. आम्ही मिरजेत, सौमित्र सिंगापुरात, आणि फोनवर म्हणाला, "बाबा, तुमच्या सत्तरीला आफ्रिकेची सफारी. गर्दीची नाही हं, अगदी आतलं जंगल. राहायला तंबू, पण तंबू कसला, राजवाडाच!" फोन ठेवल्यावर हे पाच मिनिटं नुसते उभे होते. मग कपाटातून नकाशांचं पुस्तक काढलं आणि चहा गार झाला तरी त्यातून मान वर केली नाही.

आमचे हे म्हणजे प्रबोध सर. मिरजेच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर आफ्रिका एका रेघेत काढायचे, खडू न उचलता. गवताळ प्रदेशाचा धडा सुरू झाला की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी यायची. आणि एवढं शिकवणाऱ्या माणसाने जंगल म्हणून काय पाहिलं, तर शाळेच्या सहलीत सागरेश्वर, तेही हरणं सोडून पोरं मोजत.

मी सुलेखा. पोस्टात होते, बरीचशी वर्षं पार्सलच्या खिडकीवर. वजन आणि फॉर्म या दोन गोष्टींत मला कोणी फसवू शकत नाही, असा माझा समज होता.

तर दोन हजार पंधराच्या मार्चमध्ये आम्ही लाँग टर्म पासवर, म्हणजे लांब मुक्कामाच्या परवान्यावर, सिंगापूरला आलो. सौमित्रचा कॉन्डो पासिर रिसला, नवव्या मजल्यावर. येताना ह्यांनी मिरजेच्या शिंप्याकडून दोन खाकी पँटी शिवून आणल्या होत्या, सहा-सहा खिशांच्या. म्हटलं, अहो, लढाईवर निघालात का? तर म्हणतात, "जंगलात भडक रंग चालत नाही. जनावरं बुजतात."

सप्टेंबरमध्ये निघायचं ठरलं. टांझानियात पश्चिमेला, टांगानिका आणि रुक्वा या दोन सरोवरांच्या मध्ये कुठेतरी. जायचे पाच जण: सौमित्र, सूनबाई ऋचा, सौमित्रचा मित्र मुकुल, त्याची बायको अश्लेषा आणि हे. मुकुल सौमित्रच्याच बँकेत, चांगी बिझनेस पार्कमध्ये, पण त्याच्याहून एक पायरी वर. मी आणि नात जाई घरी. जाई नऊ वर्षांची, तिथल्या कॅम्पात बाराच्या आतली मुलं घेत नाहीत, आणि माझे गुडघे जीप घेत नाहीत.

नैरोबीवरून जायचं म्हणून पिवळ्या तापाची लस लागणार होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साठीनंतर ही लस सगळ्यांना सोसत नाही, विचार करा." हे म्हणाले, "चौतीस वर्षं विचारच करत होतो, द्या." मग दोन दिवस तापाने फणफणले. मी कपाळावर पट्ट्या ठेवतेय आणि हे मला त्या तापात नद्यांची नावं सांगतायत. लशीचं पिवळं पुस्तक उशाखाली.

जुलैत एकदा मुकुल आणि अश्लेषा जेवायला आले होते. मी पुरणपोळ्या केल्या होत्या. ह्यांनी जाईचा पांढरा फळा बाहेर आणला, आफ्रिका काढली, एका रेघेत, आणि सुरू झाले. तिथे दोन हरणं असतात म्हणे, रोआन आणि सेबल. हरणं कसली, घोड्याएवढी. दोघांची शिंगं मागे वळलेली, त्यामुळे लोक हमखास चुकतात. "शिंगं बघायची नाहीत, कान बघायचे," हे म्हणाले. "लांब कान आणि टोकाला केसांचा झुपका असला की रोआन. सेबलचे कान साधे. विसरायचं नाही." मीसुद्धा विसरले नाही, आणि मला तर जायचंही नव्हतं.

मुकुल म्हणाला, "काका, तिथे गाईड असतो हो. तो सांगतो सगळं."

"असू दे की," हे म्हणाले. "त्यालाही थोडं आपण सांगू."

मुकुल हसला. सौमित्र ताटात बघत राहिला. ते मी पाहिलं, पण तेव्हा डोक्यात काही आलं नाही. बावळटच मी.

निघायच्या तीन आठवडे आधी, रविवारी सकाळी पोहे खाताना सौमित्र म्हणाला, "बाबा, जरा प्रॉब्लेम झालाय. कॅम्पला नेणारं विमान अगदी छोटं आहे. वजनाचा नियम फार कडक. चारच सीट मिळतायत."

माझ्या हातातला झारा हातातच राहिला. हे म्हणाले, "बरोबर आहे. गवतातली धावपट्टी, त्यात हवा गरम. वजन जास्त झालं तर उचलणार कसं?" म्हणजे बघा, ज्याची सीट गेली तोच कारण समजावून सांगतोय!

"पुढच्या वर्षी नक्की, बाबा. फक्त आपण दोघं."

"नियम म्हणजे नियम," हे म्हणाले आणि पोहे संपवले. जाईने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "आजोबा कॅनॉट गो, मेह?" मी तिच्या बशीत आणखी पोहे वाढले.

त्यानंतर ह्यांनी तोंड पाडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण नाही! सौमित्रला जीपच्या काठावर कॅमेरा टेकवायला उशी हवी होती. रिकामी न्यायची आणि तिथे तांदूळ भरायचे. हे मला म्हणाले, "तू शिवून दे ना. बाजारच्या कापडाचा आवाज होतो. ही खाकी पँट घे."

"अहो, नवीकोरी आहे!"

"आता कुठे घालू? पासिर रिसच्या बागेत?"

मी ती पँट कापली. शिवणयंत्र नव्हतं, दुहेरी दोऱ्याने हाताने शिवली, शिवण फाटायची नाही अशी. दोन दुपारी गेल्या.

निघायच्या दिवशी दुपारी सामान काढून ठेवलं होतं. माणशी पंधरा किलो, तेही कापडी पिशवीत. मी सवयीने काटा अडकवून उचललं. सौमित्रची कपड्यांची पिशवी चौदा. कॅमेऱ्याची बॅग तेरा. आत हातभर लांबीची ती लेन्स, तान्ह्या बाळासारखी दुपट्यात गुंडाळलेली.

"सौमित्र, सत्तावीस किलो होतंय रे. घेतील का?"

"होईल गं आई, केलंय अरेंज." माझ्याकडे न बघता म्हणाला.

ऋचाने सकाळीच प्रवासाचा कागद फ्रिजवर लावला होता. म्हणाली होती, "आई, कधी काही लागलं तर तुमच्याकडे असू दे." बिचारीच्या लक्षात आलं नसावं की सासू फॉर्म वाचायची, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, पगार घेऊन. मी चष्मा लावला. छोट्या विमानाच्या रकान्यात लिहिलं होतं: एकूण सीट पाच. प्रवासी चार. एक्स्ट्रा सीट एक, कॅमेरा इक्विपमेंट.

मी तीनदा वाचलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती मला त्या दिवशी कळली.

सौमित्रला स्वयंपाकघरात बोलावलं. दार लोटलं. "ही पाचवी सीट कोणाची रे?"

त्याने कागद पाहिला. चाळिशीचा माणूस, पण चेहरा असा झाला की जणू मी दप्तरात काहीतरी पकडलं होतं.

"आई, आवाज हळू. बाबा बाहेर आहेत."

"कोणाची सीट?"

"आधी बाबांचीच होती. आई, ऐकून तरी घे. तिथे आजूबाजूला हॉस्पिटल नाही, काही नाही. त्यांचं वय..."

"वय लस घेताना नव्हतं का?"

"तसं नाही गं." मग एकदम बोलून गेला, "ते फार बोलतात गं! प्रत्येक झाड, प्रत्येक ढग. मुकुल म्हणाला, काका बरोबर असले की ट्रिप नाही, तास होतो. तो पुन्हा माझा सीनिअर. मी काय सांगणार होतो त्याला?"

"आणि सीट रिकामी झाली म्हणून लेन्स बसवलीस."

"सीट नाहीतर फुकट जात होती."

देवा रे! मेल्या, त्या माणसाने तापात तुझ्यासाठी नद्या म्हटल्या नाहीत, तुझ्या भरवशावर म्हटल्या. एवढं मी बोलले. आणखी पुष्कळ बोलायचं होतं. "आत्ताच्या आत्ता ती बॅग काढ आणि बाबांना बसव," म्हटलं. तर म्हणे पुढचं तिकीटच रद्द केलंय, व्हिसा घेतलाच नाही. शेवटी हात जोडून म्हणाला, "बाबांना सांगू नकोस. त्यांना वाईट वाटेल."

त्याला वाईट वाटण्याची काळजी! पण मी नाही सांगितलं. ह्यांच्या जिवाला आणखी कशाला घोर, असं मनाशी म्हटलं. खोलीत गेले, कात्री घेतली आणि ती खाकी उशी उसवली. माझी शिवण, सहज निघेना. दातांनी दोरे तोडले.

तासाभराने सौमित्र दारात आला. "आई, ती उशी?"

"उसवली."

तो उभा राहिला, आणि गेला.

टॅक्सी आली तेव्हा हे खाली सामान पोचवायला गेले. वरच्या गॅलरीतून मी बघत होते. कॅमेऱ्याची ती तेरा किलोची बॅग ह्यांनी स्वतः उचलली, दोन्ही हातांनी, आणि सीटवर नीट ठेवली. मग खिशातून घडी केलेला नकाशा काढून सौमित्रच्या हातात दिला. टॅक्सी वळेपर्यंत हात हलवत होते.

मी पळत आत आले. हे वर यायच्या आत तो कागद फ्रिजवरून काढायचा होता. काढला, आणि पाहते तर प्रत्येक ओळीपुढे बारीक पेन्सिलीने वेळा लिहिलेल्या. तिथली वेळ, इथली वेळ. पाच तासांचा फरक, शाळेत शिकवायचे तसाच. मला कळावं, पोरगा कुठे पोचला असेल, म्हणून. छोट्या विमानाच्या ओळीपुढेही वेळ होती. त्या एक्स्ट्रा सीटच्या अगदी शेजारी.

हे आत आले. माझ्या हातात कागद.

"वाचलंत तुम्ही?"

"सकाळीच. तू मासळी आणायला गेली होतीस."

"मग ती बॅग उचललीत कशाला?" मी ओरडलेच. "फेकायची रस्त्यात!"

"जड होती गं. त्याची कंबर धरते." हे खुर्चीवर बसले. पंख्याकडे बघत राहिले. "आणि तुम्ही दोघं आत बोलत होतात तेव्हा मी बाहेरच होतो. दार लोटलं तरी ऐकू येतं या घरात."

मी कागदाची घडी घालत राहिले.

"सुलेखा, मी खरंच फार बोलतो का?"

मी "नाही" म्हटलं. छे, भलतंच काय, म्हटलं. पण म्हणायला एक क्षण उशीर झाला. पंचेचाळीस वर्षांत कितीदा तरी मीच म्हटलं होतं ना, अहो पुरे आता, जेवू द्या त्यांना. तो सगळा उशीर त्या एका क्षणात होता, आणि तो ह्यांनी पाहिला. मुलाचा राग मी आजही करते. त्या क्षणाचा राग कोणावर करू?

दहा दिवसांनी मंडळी परतली. शनिवारी मुकुल आणि अश्लेषाही आले, टीव्हीवर फोटो लावले. हत्ती, पाणघोडे, सिंह. फोटो सुंदर होते, खोटं कशाला बोलू. हे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर. मग एक फोटो आला: सोनेरी गवत, आणि त्यात मान वळवून उभं एक मोठं जनावर. लांब कान, टोकाला झुपके. मी ओळखलं. अहो, रोआन, मी ओळखलं!

"हा सेबल!" सौमित्र म्हणाला. "माझा बेस्ट शॉट. बाबा, सेबल ना?"

सगळे वळले. मुकुलसुद्धा म्हणाला, "हां काका, सांगा ना."

सौमित्रच्या आवाजात अजिजी होती, ती मला कळली. त्याला ह्यांनी बोलायला हवं होतं. तासभर बोलले असते तरी त्या दिवशी चाललं असतं.

हे फोटोकडे बघत होते. कानांकडेच बघत होते, मला माहीत आहे. मग म्हणाले, "तू प्रत्यक्ष पाहून आलास, बाळा. मी काय सांगणार?"

आणि पाणी प्यायला आत गेले.

त्या फोटोची मोठी फ्रेम करून सौमित्रने दिवाणखान्यात सोफ्याच्या वर लावली आहे. खाली पितळी पट्टी, तिच्यावर कोरलंय, सेबल. येणारा-जाणारा वाचतो, वाहवा करतो. हे त्याच्याच खाली बसून पेपर वाचतात आणि कोणी काही विचारलं तर हो-नाहीत उत्तर देतात. काच मी रोज पुसते, कानांवरची धूळ आधी. मीही काही बोलत नाही.