अमरसिंहअण्णांचं केळ्याचं अत्तर

चौसाळ्यात वर्षाराणीने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये केळ्यांशिवाय केळ्याचा वास बनवायचा घाट घातला, तेव्हा सासू भिवराबाईला ती भानामतीच वाटली. डिस्टिलरीत उरणारं उग्र वासाचं अल्कोहोल आणायचं, त्यात एन्झाइमच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या टाकायच्या, व्हिनेगरचं आम्ल थोडं थोडं सोडायचं आणि कोमट ठेवून ढवळत बसायचं. आम्ल घाईने ओतलं की एन्झाइम मान टाकायचं. पण जमलं त्या दिवशी असा घमघमाट सुटला, की भिवराबाई पिशवी घेऊन केळीवाल्याला शोधत बाहेर आली.

उद्‌घाटनाला अमरसिंहअण्णांना बोलावणं भाग होतं. त्यांच्याशिवाय गावात पानटपरीसुद्धा उघडत नसे. मंडप उंबराखाली पडला, कारण सावली तिथंच होती. वर मोहोळ होतं, पण ते कधी कुणाच्या वाटेला गेलं नव्हतं.

"अण्णा, हे बनवताना सॉल्व्हंट वापरत न्हाई," वर्षाराणी म्हणाली. "दुसरं कसलंच रसायन मिसळलेलं न्हाई. म्हणून लई कडक हाय. एक थेंब..."

"म्हंजी बिनभेसळ," अण्णा म्हणाले आणि बाटली तळहातावर उपडी करून त्यांनी शर्टाला, मिशीला, कानामागं अत्तरासारखं चोपडलं. मग भाषणाला उभे राहिले.

पहिली माशी माइकवर बसली तेव्हा वर्षाराणीला कॉलेजात वाचलेलं आठवलं. मधमाशी डंख मारताना बाकीच्यांना बोलावायला जो वास सोडते, त्यात मुख्य हाच एस्टर, म्हणजे हाच केळ्याचा वास असतो. तिने पुढे होऊन माइक ओढला.

"अण्णा, शर्ट काढा."

सगळा मंडप ऐकत होता. अण्णा थिजले. "का रं?" बाईमाणसाशी बोलतोय हेही ते विसरले. तेवढ्यात उंबरावरून काळा ढग उतरला आणि त्यांना उत्तर मिळालं. शर्ट एकीकडे, भाषण एकीकडे, अण्णा थेट जनावरांच्या हौदात. भिवराबाईने गोवऱ्यांचा धूर केला, तेव्हा कुठं माश्या हटल्या.

आता आपला धंदा बुडाला, या धास्तीने वर्षाराणीला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी ती दवाखान्यात गेली. अण्णांचे डोळे सुजून फटीएवढे झाले होते. तिने माफी मागून सगळं समजावलं.

"म्हंजी माशीला बी फरक कळला न्हाई?"

"न्हाई, अण्णा."

त्यांनी उशीखालचा फोन काढला आणि कुल्फीच्या कारखान्यावाल्या नाथाला लावला. "नाथा, माल असली हाय. म्या सोता तपासलाय."

नाथा आला. बाटली हातभर लांब धरून त्याने वास घेतला, माल पसंत केला आणि अननसाचं जमेल का, असं विचारलं.

"जमंल की," वर्षाराणी म्हणाली. "फकस्त त्याचं आम्ल कुजक्या लोण्यासारखं घाण मारतं. चार-आठ दिवस सोसावं लागंल."

भिवराबाई आत गेली आणि लुगड्यांचं बोचकं बांधून बाहेर आली.

"बनव तू निवांत," ती म्हणाली. "म्या तवर माहेराला जाऊन येते."