जादूगाराचा बूट

पाठीमागे कोणी येऊन उभं राहावं आणि आवाजवाल्याला कळू नये, असं आजवर कधी घडलं नव्हतं. कानांवर पोट असलेला गडी हा! स्टुडिओत पडद्यावर चित्र चालायचं आणि हा खाली वाळूवर, खडीवर, फळ्यांवर पाय आपटून राजापासून चोरापर्यंत सगळ्यांची पावलं वाजवायचा.

आणि आज भर दुपारी, घरात चहाचा कप तोंडाला लावतोय तोच अगदी कानाशी, "बाबा!" अर्धा चहा शर्टावर. वळून बघतो तर नऊ वर्षांची लेक. तिचा एक पाय जन्मापासून अधू. ती फाटकात शिरली की याला आत कळायचं: कुबडीची टक्, मग घासत येणाऱ्या जड बुटाची खर्र.

"अगं, उडत आलीस की काय?" तो हसला. मग त्याचं लक्ष खाली गेलं आणि हसू जागच्या जागी विरलं. कुबडीच्या टोकाला दोन मोजे करकचून बांधलेले. बुटावर आईचा लोकरी मोजा चढवलेला. पोरगी घामाघूम.

"आठ दिवस झाले, शाळेला जाताना रोज हे बांधते, ऐकतच नाही," बायको आतून म्हणाली. "शाळेच्या व्हरांड्यात ही आली की पहिलीची पोरं 'जादूगार आला!' म्हणून किंचाळत पळतात. एकानं तर चड्डीत केली."

त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. जादूगार! मुलांच्या मालिकेतला तो लंगडा, पोरं पळवणारा. दिग्दर्शक म्हणाला होता, "त्याची नुसती पावलं ऐकून पोरांची बोबडी वळली पाहिजे." आणि या शहाण्यानं काय करावं? माळ्यावरून लेकीचा लहान झालेला बूट काढला, जुनी कुबडी काढली आणि फळीवर टक्, खर्र. पहिल्याच फटक्यात पसंत! सगळ्यांनी पाठ थोपटली, हा फुशारून घरी आला. अरे, कुणाची पावलं देतोयस, एवढं तरी मनात यावं की नाही? नाही आलं. एकदाही नाही. आता मात्र त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, तो माझाच बूट आहे ना?" लेकीनं विचारलं. ती चिडलेली नव्हती, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. "मला पहिल्याच दिवशी कळलं. मी कुणालाच नाही सांगितलं. आईलासुद्धा नाही."

त्यानं कप खाली ठेवला. "चुकलं गं माझं," एवढंच कसंबसं निघालं.

"असू दे रे. राजकन्येची पावलं पण तूच करतोस ना?"

त्यानं मान हलवली.

"मग मला तसं चालायला शिकव. म्हणजे कुणी घाबरणार नाही."

तिनं कुबडी भिंतीला टेकवली, टेबलाची कड घट्ट धरली आणि त्याच्या पायांकडे बघत उभी राहिली.